स्टोअररूमच्या दारातली खुर्ची

राऊत सर,

तुमच्या तेरवीलाही तुमचे हॉकीवाले एका पंगतीत बसले आणि फुटबॉलवाले दुसऱ्या. कुणी सांगितलं नव्हतं. मग मधल्या जागेवरून कुरबूर सुरू झाली, कारण फुटबॉलवाल्यांची पंगत लांबत लांबत हॉकीवाल्यांच्या चटईवर आली होती. मी समोरच बसले होते, मला हसू फुटलं. तेरवीच्या मांडवात हसणारी ही कोण बाई, म्हणून वहिनींनी वळून पाहिलं. मी कुठे बघतेय ते त्यांना दिसलं आणि त्याही तोंडाला पदर लावून हसल्या. नंतर रडल्या. तुम्ही असता तर शिट्टी वाजवून दोन्ही पंगतींना मैदानाला चक्कर मारायला लावली असती.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती. ती सांगायला मला चौदा वर्षं मिळाली आणि मी ती सांगितली नाही. काल कॉलेजात तुमची शोकसभा झाली, तिथे भर सभेत ती माझ्या तोंडून निघाली. आता ती प्राचार्यांना माहीत आहे, तुमच्या खेळाडूंना माहीत आहे, आज दुपारपर्यंत भाजीबाजारातही माहीत झाली असेल. ज्यांना सांगायची होती तेवढे तुम्ही राहिलात. म्हणून हे लिहायला बसले.

कॉलेजच्या हिशेबाच्या खिडकीच्या आत मी बसायचे आणि बाहेर तुम्ही उभे असायचे. आपली ओळखच भांडणातून झाली. तुम्ही नवे होतात. गोलची जाळी फाटली होती आणि मी तुम्हाला नियम समजावून सांगितला होता: तीन दुकानांची कोटेशनं आणायची, सगळ्यात कमी भाव ज्याचा त्याच्याकडून घ्यायची. तुम्ही मान डोलावली, मोटारसायकल काढली आणि थेट बाभुळगावकडे बेंबळा धरणावर गेलात. तिथल्या मासे धरणाऱ्या एका बाबांकडून दोन जाळ्या विणून आणल्या. दुकानापेक्षा कितीतरी स्वस्त आणि चांगल्या मजबूत. पण बिल म्हणून माझ्यासमोर आलं ते वहीचं फाडलेलं पान, खाली बाबांचा अंगठा.

"हे बिल होत नाही सर."

"काहून होत नाही जी? माणूस खरा हाये, जाळी खरी हाये, पैसे खरे हायेत."

"छापील पाहिजे. त्याच्यावर नंबर पाहिजे."

"आता त्यानं मासे धरता धरता छापखाना टाकावा काय?"

मागे रांगेत उभी असलेली पोरं हसली आणि मला राग आला. ते पैसे शेवटी तुमच्या खिशातून गेले. त्या जाळीला वर्षभर मासळीचा वास येत होता, आणि गोलकीपर नाकाला रुमाल बांधून उभा राहायचा. मी कधी बोलले नाही, पण तो रुमाल बघितला की मला जरा बरं वाटायचं. मनात म्हणायचे, घ्या, छापील बिलाच्या जाळीला वास आला नसता.

आपला मोठा वाद हॉकीवरून होता आणि तो अर्धवटच राहिला. प्रवेशाच्या वेळी मुलांकडून जे क्रीडा शुल्क जमतं, त्यात एक खेळ नीट चालेल असं माझं म्हणणं. दोन चालवले की दोन्ही अर्धपोटी. फुटबॉल ठेवा, हॉकी बंद करा. फुटबॉलला बावीस पोरांत एक बॉल पुरतो. हॉकीला प्रत्येकाच्या हातात स्टिक, पायाला गार्ड, आणि गोलकीपरचं सामान तर रुखवतासारखं मांडून ठेवावं एवढं. मी तुम्हाला कागदावर आकडे काढून दाखवले होते. तुम्ही कागद नीट वाचलात, घडी घालून खिशात ठेवलात आणि म्हणालात, "मॅडम, फुटबॉल पोट्टे कुठंबी खेळतीन. चिंध्याचा बॉल करून खेळतीन. हॉकीची स्टिक कोनाच्याच घरी नसते. जे घरी भेटत नाही त्याच्यासाठीच तं कॉलेज असते नं?"

त्याचं उत्तर मला घरी भाकरी थापताना सुचलं. घरी मिळत नाही ते द्यायचं तर आधी मैदानाला कुंपण द्या, प्यायला पाणी द्या, मुलींना संडास द्या. स्टिक त्याच्यानंतर. हे मी दुसऱ्या दिवशी तुम्हाला ऐकवलं, तर तुम्ही म्हणालात, "बरोबर हाये तुमचं. मंग तेबी मागतो." आणि खरंच मागायला लागलात. मी वाद जिंकावा म्हणून बोलले होते आणि तुम्ही त्याचा अर्ज केलात. तुमच्याशी भांडणं फार अवघड होतं, सर.

मैदान म्हणजे तरी काय होतं? काळी माती. पावसाळ्यात बुटाला धरून ठेवायची, उन्हाळ्यात भेगाळायची. तुम्ही ट्रॉल्या मागवून त्यावर मुरूम टाकला, रोलर फिरवला. मग हॉकीच्या बॉलला धूळ उठायला लागली. पाणी मारायला टँकर हवा. मी आठवड्याला एकाच टँकरचं बिल मंजूर होईल म्हणून सांगितलं. तेव्हापासून तुम्ही तो रिवाज पाडलात: प्रत्येक खेळाडूने घरून दोन बाटल्या पाणी आणायचं, एक प्यायची आणि एक मैदानाची. कळंबकडून, आजूबाजूच्या गावांतून, तांड्यांवरून येणारी पोरं एसटीतून उतरायची ती दोन बाटल्या घेऊन. खेळ सुरू व्हायच्या आधी गोलसमोरच्या अर्धवर्तुळात सगळे रांगेने उभे राहायचे आणि आपापली दुसरी बाटली ओतायचे. एवढ्याशा पाण्याने मैदान काय भिजणार? मी एकदा तसं म्हटलंही. तुम्ही म्हणालात, "मैदान नाही भिजत. पण ज्यानं पाणी आनलं तो मैदानावर थुंकत नाही."

आता स्टिकचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

वापरून संपत नाही अशी प्रत्येक वस्तू कॉलेजच्या डेड स्टॉक रजिस्टरात चढते. टेबल, कपाट, हॉकी स्टिक. मोडली तरी ती फेकायची नाही, दुरुस्तही आपल्या मनाने करायची नाही. समिती येणार, बघणार, कागदावर बाद करणार, तोवर मोडकी वस्तू मोडकीच सांभाळून ठेवायची. दरवर्षी मोजणी करायची आणि सही करायची. स्टोअररूममध्ये तुम्ही मोजायचात आणि सही मी खिडकीतूनच ठोकायचे. तुमच्यावर विश्वास होता, आणि चुन्याच्या पोत्यांच्या त्या खोलीत जायचा मला कंटाळाही होता.

ऑडिटचे साहेब आले, त्यांनी मात्र खोली उघडायला लावली. रजिस्टरात चौतीस स्टिक, खोलीत तेवीस. साहेबांनी दोनदा मोजल्या. आणि तुम्ही अगदी निवांत म्हणालात, "बाकीच्या अकरा याच्यातच हायेत साहेब."

"याच्यात म्हणजे?"

तुम्ही एक स्टिक उचललीत आणि पट्टी गुंडाळलेला सांधा दाखवलात. "हा वरचा दांडा एकीचा, हे खालचं वाकडं लाकूड दुसरीचं. दोन मोडक्या घेतल्या, सुताराकडून एक चांगली करून आनली. बावीस मोडल्या होत्या, त्याच्या अकरा झाल्या. मोजा नं आता."

साहेब तुमच्याकडे बघत राहिले. त्यांच्या नोकरीत त्यांनी चोर पाहिले असतील, पण असा माणूस पाहिला नसावा. त्यांनी शेरा लिहिला तो नियमाने लिहिला: अकरा स्टिकची तफावत, वसुली क्रीडा शिक्षक आणि पडताळणी करणारा लिपिक यांच्याकडून निम्मी निम्मी. माझ्या सेवापुस्तकात नोंद झाली. तेवढ्या वर्षांच्या नोकरीत पहिली. माझ्या बाबांनी मला शिकवलं ते हातगाडीवर केळी विकून. सरकारी कागदावर आपल्या नावाला डाग लागू देऊ नको, हे त्यांचं मला एकच सांगणं होतं. ती कपात त्यांना दिसू नये म्हणून त्या महिन्याच्या पगाराचा कागद मी घरी नेला नाही. तुम्ही माझ्या वाट्याचे पैसे पाकिटात घालून खिडकीशी आलात. "मॅडम, चुकलं माझं. पण पोट्टे वर्षभर खेळले नं त्याच्यावर." ते पहिलं वाक्य बोलून थांबला असतात तर बरं झालं असतं. मी पाकीट परत सरकवलं आणि खिडकी लावून घेतली.

त्याच सुमारास मुलींच्या खोलीचा निधी मंजूर होऊन आला होता. तुमचाच अर्ज, माझ्या तोंडच्या वादातून निघालेला. मैदानाच्या कडेला मुलींना कपडे बदलायला दोन लहान खोल्या, एक संडास, एक नळ, बसायला बाक. नकाशा तुम्ही आलेखाच्या कागदावर स्वतः काढला होता. पिशव्या टांगायला खुंट्या किती उंचीवर हव्यात, ते मुलींना भिंतीशी उभं करून, हात वर करायला लावून मोजलं होतं, आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सर्वांत ठेंगणीचा हात पुरेल'. पैसे मार्चअखेर खर्ची पडायला हवे होते, नाहीतर परत. तीन ठेकेदारांची कोटेशनं लावून फाइल माझ्या टेबलावर आली. मी टिपणी लिहायची, प्राचार्यांनी सही करायची, एवढंच राहिलं होतं.

तिसऱ्या कोटेशनवर तारीख नव्हती.

तो ठेकेदार बसस्टँडजवळच राहायचा. एक फोन केला असता तर येऊन तारीख टाकून गेला असता. मी फोन केला नाही. मी म्हटलं, राऊत सरांना नियम काय असतो ते कळू दे. आणि फाइल ड्रॉवरमध्ये घातली. तुम्ही रोज यायचात. "मॅडम, निघाली काय फाइल?" मी म्हणायचे, "बघते." दुसऱ्या दिवशी परत. "निघाली काय जी?" "बघते." असे आठ दिवस. आठव्या दिवशी माझा राग निवला, मी तारीख टाकून घेतली, टिपणी लिहिली आणि फाइल वर पाठवली, तर प्राचार्य त्याच सकाळी घरच्या लग्नाला गावी गेले होते. ते आले एक एप्रिलला.

निधी अखर्चित राहिल्यामुळे परत करण्यात येत आहे, हे पत्र मीच टाइप केलं. तुम्ही खिडकीशी आलात तेव्हा मी म्हणाले, "प्राचार्य नव्हते सर." खोटं नव्हतं ते. पण त्याच्यासारखं खोटं मी आयुष्यात दुसरं बोलले नाही.

तुम्ही पाणी प्यायलात आणि गेलात. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा परत खिडकीशी. म्हणालात, "मॅडम, पोरीइले स्टोअररूमातच कपडे बदलू देतो. खिडकीले पडदा लावला, आतून कडी बसवली. पण त्याइचे बाप इचारतेत, दारात कोन असते? मी उभा राह्यलो तं लोक मलेच नावं ठेवतीन. तुम्ही पाच वाजता दहा मिनिटं खुर्ची टाकून बसता काय जी?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

पडदा म्हणजे फुटबॉलच्या जुन्या जर्सी जोडून शिवलेलं कापड होतं, त्यावर आठ, अकरा आणि तीन हे नंबर दिसायचे. पहिल्या आठवड्यात तांड्यावरून अनिता राठोडचे वडील आले. गोलकीपर व्हायचं म्हणून पोरगी हटून बसली होती आणि ते तिला घरी न्यायला आले होते. त्यांनी खोली पाहिली, पडदा पाहिला, मग माझ्याकडे बघत उभे राहिले. मी मांडीवर व्हाउचर घेऊन तपासत होते. त्यांनी आपल्या बोलीत पोरीला काहीतरी म्हटलं आणि ती एकदम हसली. मला म्हणाली, "बाबा म्हणते, हे बाई रोज बसत असन तं खेळ."

मग मला रोज बसावंच लागलं. दहा मिनिटांची कबुली होती, पण आधी कपडे बदलायचे आणि खेळून झाल्यावर परत बदलायचे, मधल्या वेळात घरी जाऊन काय करू, म्हणून मी तिथेच बसून राहायला लागले. मला हॉकीतलं ओ का ठो कळत नव्हतं. कागदावर मी त्या खेळाला महाग म्हणून लिहिलं होतं, पण तो कसा असतो ते मी कधी पाहिलं नव्हतं. हळूहळू पेनल्टी कॉर्नर कळायला लागला. अनिता पाय फाकवून उभी राहायची ते कळायला लागलं. एकदा तर मी खुर्चीवरून उठून ओरडले आणि मांडीवरची व्हाउचरं मैदानभर उडाली. तुम्ही खेळ थांबवून अख्ख्या टीमला ती गोळा करायला लावलीत. "एकबी हरवू नका पोट्ट्याहो, नाहीतं मॅडमचं अन् माझं वाटून कापतीन." तुम्ही हसत होतात. मीही हसले. त्या वसुलीवर मी पहिल्यांदा हसले ते त्या दिवशी.

विद्यापीठाच्या स्पर्धेला तुम्ही मुलींना हिरव्या टर्फवर नेलंत तेव्हा सोबत बाई हवी म्हणून मला नेलं होतं. मुरमावर खेळलेल्या पोरी त्या ओल्या, गुळगुळीत हिरवळीवर चपला काढून उभ्या राहिल्या. एकीने वाकून हात लावून पाहिला. बॉल आपल्याकडे आला हे त्यांना कळायचं, तोवर तो निघून गेलेला असायचा. सात गोल खाल्ले. परतीच्या एसटीत सगळ्या रडत होत्या. तुम्ही पुढच्या सीटवरून वळून म्हणालात, "काहून रडून राह्यल्या? सात गेले. सतरा जाले पाहिजे होते. दहा अनितानं थांबवले." अनिता म्हणाली, "मी मोजले, नऊ थांबवले सर." तुम्ही म्हणालात, "एक म्या मनातल्या मनात थांबवला." एवढ्यावर त्या हसल्या आणि यवतमाळ येईपर्यंत गाणी म्हणत राहिल्या.

आणि दरवर्षी स्नेहसंमेलनात माईक हातात आला की तुमचं ते वाक्य. "आपल्या मॅडम दारात बसल्या नसत्या तं पोरीची टीम झाली नसती." सगळे टाळ्या वाजवायचे. मी खाली बघायचे. लोकांना वाटायचं, बाई किती साधी. सर, त्या टाळ्यांइतकं मला कुठल्या मेमोने छळलं नाही. मी बसत होते ती खुर्ची माझ्यामुळेच लागत होती. ड्रॉवर उघडलं असतं तर पक्क्या भिंती असत्या, नळ असता, आणि चुन्याच्या पोत्यांमध्ये उभं राहून एकाही पोरीला ओढणी सांभाळावी लागली नसती. दोघीतिघी तर त्या खोलीमुळे खेळ सोडून गेल्या. त्यांची नावं मला पाठ आहेत. तुम्हीही विसरला नसाल.

एक गोष्ट मी खूपदा मनात घोळवली आहे. लायब्ररीतल्या मॅडम मैदानाच्या अगदी जवळ बसायच्या. त्यांचं काम चारला संपायचं. तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत, अख्खी इमारत ओलांडून माझ्याकडे आलात. काहून? तुम्हाला माहीत होतं का? ती फाइल तुम्ही ड्रॉवरमध्ये पाहिली होती का? मला शिक्षा केलीत, की मला फेडायला जागा करून दिलीत? की असलं काहीच नव्हतं, आणि भांडणाच्या सवयीने पाय आपले खिडकीकडेच वळले? मी दहा वेळा विचारायचं ठरवलं. विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं.

माझ्या निरोप समारंभाच्या दिवशी नक्की सांगणार होते. कार्यक्रम संपला, आपण दोघंच मैदानाकडे चालत निघालो. मी म्हटलं, "सर, एक सांगायचं होतं." तेवढ्यात तुमच्या फुटबॉलवाल्याने मारलेला बॉल कुंपणापलीकडे रस्त्यावर गेला आणि तुम्ही ओरडत तिकडे धावलात. परत आलात ते धापा टाकत. "काय म्हनत होत्या मॅडम?" मी म्हटलं, "ही खुर्ची मला घरी द्या." तुम्ही म्हणालात, "डेड स्टॉकात हाये नं जी. देता येत नाही. तुम्हीच येत जा." मग निवृत्तीनंतरही दोन वर्षं मी येतच राहिले. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशीही आले होते. गुडघा दुखतो म्हणून लवकर उठले. तुम्ही लांबून हात केलात. मी परत हात केला की नाही, ते आठवत नाही. हे मला फार लागून राहिलं आहे.

काल सभेत सगळे छान बोलले. नव्या प्राचार्यांनी तुमच्या नावाने फिरता चषक ठेवायचं जाहीर केलं. जुन्या खेळाडूंनी वर्गणीचे आकडे सांगितले. एकाने तर अर्धपुतळा सुचवला. हॉकीवाले म्हणाले पुतळ्याच्या हातात स्टिक हवी, फुटबॉलवाले म्हणाले पायाशी बॉल. तिथेही जुंपली. मग मी उभी राहिले. म्हटलं, "चषक नको, पुतळा नको. त्या पैशाची पोरींची खोली बांधा."

प्राचार्यांनी सहज विचारलं. ते नवे आहेत, त्यांच्या मनात काही नव्हतं. "मॅडम, त्या खोलीचा निधी पूर्वी एकदा आला होता ना? जुन्या पत्रव्यवहारात पाहिलं मी. तो परत का गेला?"

'प्राचार्य नव्हते' हे दोन शब्द माझ्या जिभेवर तयार होते. चौदा वर्षं तयारच आहेत ते. समोर भिंतीला टेकवून तुमचा फोटो ठेवला होता, गळ्यात शिट्टी असलेला. मी म्हटलं, "माझ्यामुळे गेला. फाइल आठ दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये होती. सरांवर राग होता, म्हणून मी काढली नाही."

मागच्या रांगेतल्या दोघी जुन्या खेळाडू उठून, माझ्याकडे न बघता निघून गेल्या. बरोबरच केलं त्यांनी. अनिता पहिल्या रांगेत होती. ती आता पुसदकडे एका शाळेत खेळ शिकवते, तिची स्वतःची मुलगी शाळेत जाते. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, म्हंजे तुम्ही एवढी वर्षं दारात बसल्या ते..." मी हो म्हटलं. ती उठून आली, मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि शेजारी बसली. मग म्हणाली, "आता फाइल कोन लिहीन?"

"मीच लिहीन."

"मंग उद्या सकाळी येतो मी. ठेकेदाराकडं संगच जाऊ."

सभा संपल्यावर सगळे मैदानात गेले. कुणी ठरवलं नव्हतं. पण बऱ्याच जणांनी दोन बाटल्या आणल्या होत्या. पन्नाशीला आलेले, पोट सुटलेले तुमचे पहिल्या वर्षाचे पोट्टेही होते. अर्धवर्तुळात उभं राहून त्यांनी पाणी ओतलं. फुटबॉलवाले या वेळी दुसरीकडे गेले नाहीत, त्याच ओळीत उभे राहिले. मी एकच बाटली नेली होती, तीच ओतली. फार तहान लागली होती, तरी मला बरं वाटलं.

आज सकाळी अनिता नऊच्या एसटीने आली. आम्ही तीन ठेकेदारांकडे फिरलो. प्रत्येकाला समोर बसवून तारीख टाकून घेतली, शिक्का मारून घेतला. तुमचा नकाशा वहिनींनी कपाटातून काढून दिला. कागद पिवळा पडलाय, पेन्सिल दिसते. खुंट्यांची उंची तीच ठेवली आहे, सर्वांत ठेंगणीचा हात पुरेल अशी. अर्ज माझ्या अक्षरात आहे. प्राचार्य पाचला मैदानावर येणार आहेत, तिथेच सही करतो म्हणाले. काल जे बोलले त्यानंतर पोरींना मी दारात चालेन की नाही, मला माहीत नाही. त्यांनी नको म्हटलं तर उठेन. पण खोली उभी राहीपर्यंत दारात कुणीतरी बसायला हवं, आणि तोवर मी जाणार आहे.

तुमचा राग कधी गेला होता, की आलाच नव्हता, हे मला आता कळणार नाही. मी चुकले, सर. हे तुम्हाला त्या एक एप्रिललाच सांगायला हवं होतं.

पावणेपाच झाले. दोन बाटल्या भरून घेतल्या आहेत. फाइल पिशवीत आहे. ड्रॉवरमध्ये ठेवलेली नाही.